शेजारच्या गावातली पोरं: एका अफवेचं प्रकरण आणि नववीचा वर्ग

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातली ही माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावीचे वर्ग. निम्मी मुलं गावातली, निम्मी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून पायी, सायकलने किंवा एसटीने येणारी. मी इथे मराठी शिकवते. गावाची आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वर्गातलं काम जसं झालं तसं मांडलं आहे.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली होती. पोलिसांना ‘विश्वास ठेवू नका’ असं आवाहन करावं लागत होतं. आमच्या भागात ही अफवा ऑडिओ क्लिपमधून आली. एका पुरुषाचा घाबरलेला पण ठाम आवाज, बोली आपल्याकडचीच. कोविडच्या काळात ऑनलाइन तासांसाठी केलेला नववीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू होता. त्यात बहुतेक नंबर आयांचे किंवा वडिलांचे, पण रात्री जेवणं झाल्यावर फोन मुलांच्या हातात. क्लिप त्या ग्रुपवर आली आणि दोन दिवसांत वस्तीवरून येणाऱ्या मुलींची हजेरी खाली आली. मुलगे येत राहिले. मुलींना मात्र ‘वातावरण निवळू दे, मग जा’ असं सांगून घरी ठेवलं गेलं.

त्याच सुमारास, १३ सप्टेंबरला, सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्यांनी मारहाण झाली. ते उत्तर प्रदेशचे होते. कर्नाटकातून पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. मारहाणीचा व्हिडिओ आमच्याकडे आला आणि त्याने अफवा विझायच्या ऐवजी पेटली. पोलिसांनी ते साधू खरेच साधू असल्याचं सांगितलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की जतपर्यंत टोळी आली.

मग आमच्या गावातली घटना घडली. मोटारसायकलवर ब्लँकेटं आणि सतरंज्या लादून हिंदी बोलणारे दोन फेरीवाले एका वस्तीवर थांबले. त्यांनी दारात खेळणाऱ्या पोराला ‘घर में कौन है’ असं विचारलं. बायका ओरडल्या, रानातली माणसं धावत आली, गाडीची चावी काढून घेतली. पोलीस पाटील वेळेवर पोचले, ओळखपत्रं पाहिली, ठाण्यात फोन लावला आणि दोघांना स्वतः डांबरी रस्त्यापर्यंत सोडून आले. दोन-चार थपडा बसल्या होत्या, त्यापलीकडे काही झालं नाही. पण गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्या नववीतल्या एका मुलाने दोघांचा फोटो काढला होता. खाली ‘हाच तो पोरं पळवणारा, लाल गाडी, जास्तीत जास्त शेअर करा’ असं लिहून त्याने तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो फोटो आसपासच्या गावांत फिरत होता.

शिक्षक खोलीत चर्चा झाली. एक सूचना अशी, की मुलाला आठवडाभर घरी बसवा. दुसरी, ग्रुप बंद करा. तिसरी, सायबर शाखेच्या अधिकाऱ्यांना बोलावून व्याख्यान ठेवा. तिसरी वाईट नव्हती, पण असं व्याख्यान आधीच्या वर्षी झालं होतं. पासवर्ड, ओटीपी, फसवे कॉल याबद्दल चांगली माहिती मिळाली होती, मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच व्याख्यानाला हा फोटो टाकणारा मुलगा पहिल्या रांगेत होता आणि त्याने प्रश्नही विचारले होते. माहिती त्याच्याकडे होती. फोटो टाकताना ती उपयोगी पडली नाही, कारण त्या क्षणी आपण गावाला वाचवतोय असंच त्याला वाटत होतं. भीती आणि चांगुलपणा यांच्या मिश्रणातून बहुतेक अफवा पुढे जातात, हे मान्य केल्याशिवाय या विषयाचा एकही तास नीट घेता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुख्याध्यापकांनी मराठीच्या तासांमध्ये हे प्रकरण घ्यायला परवानगी दिली. उपयोजित लेखनात बातमी लेखन असतंच. बातमी लिहायला शिकवताना ती खरी आहे का हे कसं पाहायचं, तेही शिकवता येतं.

क्लिप फळ्यावर

पहिल्या तासाला आम्ही ती क्लिप ऐकली आणि शब्दन् शब्द फळ्यावर उतरवली. एकदा ऐकून अंगावर काटा येतो. तेच लिहायला घेतलं की हात अडतो, आणि तसा तो अडावा असाच हेतू होता. मजकूर साधारण असा होता: ‘मंडळी, कळकळीची विनंती. काल संध्याकाळी शेजारच्या गावातून दोन पोरं उचलली. टोळी मोठी आहे. कुणी साधूच्या वेशात, कुणी भंगारवाला, कुणी चादरी विकणारा. पोलिसांना सगळं माहिती आहे, पण दाबतायत. आपल्या लेकराबाळांसाठी ही क्लिप प्रत्येक ग्रुपवर टाका.’

प्रत्येक वाक्यासमोर मुलांनी तीन रकाने केले: कुठे, केव्हा, कुणी पाहिलं. रकाने रिकामेच राहू लागले. ‘काल’ म्हणजे कुठली तारीख? क्लिप कधी ऐकली तरी ती कालचीच राहते. ‘शेजारचं गाव’ कुठलं? ती ज्या गावात वाजेल त्याच्या शेजारचं. पोरांची नावं नाहीत, आईबाप नाहीत, शाळा नाही. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पोरं हरवली असती तर पोरांचा फोटो फिरला असता. हितं पळवणाऱ्याचा फिरतोय.’ मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटलं. खरोखर मूल हरवतं तेव्हा घरचे पहिल्यांदा मुलाचा फोटो, कपड्यांचा रंग आणि स्वतःचा नंबर पाठवतात. या क्लिपमध्ये शोधायला काहीच दिलेलं नव्हतं, फक्त संशय घ्यायला माणसं दिली होती.

क्लिपवर दुहेरी बाणाची खूण होती. ती मुलांनी रोज पाहिलेली, अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. एखादा मेसेज मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हातांतून पुढे आला की व्हॉट्सअ‍ॅप ती खूण लावतं. म्हणजे मेसेज भले सख्ख्या मावशीने पाठवला असेल, बोलणारा माणूस मावशीच्याही ओळखीचा नसण्याची शक्यता जास्त. मुलांचा विश्वास आवाजावर नव्हता, मावशीवर होता, हे तिथे स्पष्ट झालं.

आता तपासायचं कसं? खोट्या फोटोसाठी गूगल लेन्स (फोटो आधी कुठे आला होता ते शोधणारं साधन) वापरा, हे आजकाल सगळीकडे शिकवलं जातं आणि ते शिकवायलाच हवं. पण ऑडिओ क्लिपसाठी ते काही कामाचं नाही. शिवाय आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, स्वतःचा फोन नाही. ‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. माध्यम साक्षरतेचा धडा फोनवरच बेतला तर ज्यांचं शिक्षण या अफवेने थांबवलं, त्याच मुली धड्याबाहेर राहतात.

मुलांनी स्वतःच मार्ग काढला. जवळपास प्रत्येकाचे नातेवाईक आसपासच्या गावांत आहेत. ‘मामाला फोन लावू या’, असं एकाने सुचवलं. गृहपाठ ठरला: ज्या गावात घटना घडली म्हणतात, तिथल्या आपल्या माणसाला घरच्या फोनवरून एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या तेव्हा वर्गात एकच गलका झाला. एका गावचा मामा म्हणाला होता, ‘आमच्यात काय नाय, तुमच्या गावात झालं म्हणं.’ दुसऱ्या गावची आत्या म्हणाली होती, ‘पलीकडच्या गावात झालं, आमच्यात अजून टोळी आली नाही.’ नकाशावर बाण काढले तर ते गोल फिरून आमच्याच गावात परत आले. स्वतःच्या गावात घडलं असं सांगणारा एकही माणूस सापडला नाही.

इथे मी मुलांना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्र्यू यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा तिन्ही गटांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, रचना, लोगो, संदर्भ बघत बसले आणि बऱ्याचदा फसले. तपासनीस मात्र पटकन त्या पानाबाहेर पडले आणि इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते शोधू लागले. मामाला फोन लावणं म्हणजे नेमकं हेच. मेसेजकडे टक लावून खरं-खोटं ठरत नाही, मेसेज सोडून बाहेर जावं लागतं.

राईनपाडा

पुढचा तास कठीण होता. लवंग्याचा व्हिडिओ बहुतेक मुलांनी पाहिलेला होता, काहींनी हसत पाहिलेला. वर्गात मारहाणीचं एकही दृश्य दाखवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. हिंसेचं चित्र दाखवून हिंसेबद्दल बोलता येतं यावर माझा विश्वास नाही. मुलं चित्रच घेऊन घरी जातात. आम्ही फक्त मजकूर वाचला आणि फळ्यावर वेळ आणि जागा मांडत गेलो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. त्यांच्यातल्या एकाला एका लहान मुलीशी बोलताना कुणी पाहिलं आणि आरडाओरडा झाला. त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आधीपासून फिरत होतेच. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, तिथेही मारहाण थांबली नाही. पाचही जण मेले.

मग मी सांगितलं, की यातली बहुतेक माणसं आपल्याकडची, मंगळवेढा भागातली होती. वर्ग गप्प झाला. मंगळवेढ्याला ज्यांचे नातेवाईक आहेत अशी मुलं त्या वर्गात होती, आणि डवरी गोसावी दारात आलेले सगळ्यांनीच पाहिलेले होते. तोपर्यंत बाहेरून आलेला अनोळखी माणूस म्हणजे कुणीतरी दुसरा होता. धुळ्यात तो सोलापूरचा निघाला. एका मुलाने विचारलं, ‘मग आमचे आजोबा बैलं घ्यायला लांबच्या बाजाराला जातात तेव्हा?’ मी उत्तर दिलं नाही, द्यायची गरज नव्हती.

त्याच दिवशी मालेगावातही जमाव जमला होता. तिथे दोन वर्षांच्या मुलासह पाच जण याच संशयावरून गर्दीत सापडले. तिथल्या रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, पोलिस आले आणि पाचही जण वाचले. फळ्यावर दोन्ही घटना शेजारी-शेजारी लिहिल्या: तारीख तीच, अफवा तीच, जमाव दोन्हीकडे. फरक काय, यावर वर्ग बराच वेळ बोलला. मालेगावात दार उघडणाऱ्याला त्या क्षणी खरं-खोटं ठाऊक असेलच असं नाही. त्याला तेवढंच कळलं असेल, की आधी माणसं वाचली पाहिजेत, चौकशी मग. आमच्या पोलीस पाटलांनीही तेच केलं होतं. ते मुलांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, पण त्यात काही मोठं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. आता वाटलं.

याच तासात कराचीचा व्हिडिओ समजावला. २०१८ मध्ये भारतभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या व्हिडिओत तो शेवट कापलेला होता. एकही दृश्य खोटं न बनवता, फक्त कात्री चालवून, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात माणसं मारायचं निमित्त झाली. एआयने बनवलेल्या खोट्या व्हिडिओंची चर्चा आज जोरात आहे आणि ती व्हायलाच हवी. पण खऱ्या व्हिडिओचा शेवट कापणं आणि जुन्या फोटोखाली नवं गाव लिहिणं, ही सोपी कामं अजूनही बरंच नुकसान करतात. मुलांना ती आधी दाखवावीत असं मला वाटतं.

घरी बोलायची तालीम

इथपर्यंत वर्ग हुशार झाला होता. क्लिप खोटी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. आणि तरीही वस्तीवरच्या मुली अजून पूर्ण संख्येने येत नव्हत्या.

परत आलेल्या एका मुलीला मी विचारलं, घरी सांगितलंस का? तिचं उत्तर मी या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवते. ती म्हणाली, ‘सांगितलं असतं, पण मी बोलले तर म्हणतील हिला शाळेचं निमित्त पाहिजे. आणि आजीला खोटं म्हणायचं कसं?’

माध्यम साक्षरतेचे बहुतेक धडे खरं-खोटं ओळखून झालं की संपतात. ओळखायला मुलं फार लवकर शिकतात, मोठ्यांपेक्षा लवकर. अडतं ते त्यानंतर. चौदा वर्षांच्या मुलीने आजीसमोर, चुलत्यांसमोर, मोठ्यांच्या ग्रुपवर हे बोलायचं कसं? तिथे ती कमी वयाची आहे, मुलगी आहे, आणि मेसेज पाठवणारे तिचे वडीलधारे आहेत. ‘हे फेक आहे’ असं म्हटलं की वाद मेसेजवर राहत नाही, आदरावर जातो, आणि त्या वादात मुलगी हरणारच.

म्हणून पुढचे तास आम्ही फक्त बोलायची तालीम केली. जोड्या पाडल्या, एकाने आजोबा व्हायचं, एकाने नात. पहिल्या फेरीत सगळ्यांनी ‘आजोबा, हे खोटं आहे’ असंच म्हटलं आणि आजोबा झालेल्या मुलांनी मन लावून नातींना गप्प केलं. ‘लई शिकलीस का?’, ‘उद्या तुलाच उचलून नेल्यावर कळंल’. हे संवाद मुलांना शोधावे लागले नाहीत, रोज ऐकलेले होते. हळूहळू मुलांनीच दुसरी रीत शोधली. खोटं म्हणायचं नाही, विचारायचं. ‘आजा, कुठल्या गावचं म्हणतोय त्यो? तितं आपलं कोण हाय का? फोन लावून बघू या का?’ आजोबांचा मान राहतो, उलट तपास करायचं काम त्यांच्याकडेच जातं. गावात ज्याच्या ओळखी जास्त, तोच सगळ्यात चांगला तपासनीस, आणि त्या ओळखी आजोबांच्याच. ज्या मुलींनी घरी हे करून पाहिलं त्यांच्यातल्या एकीच्या आजोबांनी लगेच पुढच्या गावच्या मित्राला फोन लावला आणि मग स्वतःच घरात जाहीर केलं की काही झालेलं नाही. घरात आता ती नातीची गोष्ट राहिली नव्हती, आजोबांची झाली होती. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत होती.

सगळीकडे असं झालं नाही. एका घरी वडिलांनी मुलीचं ऐकलं, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिला घरीच ठेवलं. तेव्हा पालक सभा बोलावली. मुलांनी वह्यांतले मामा-आत्यांचे जबाब एका मोठ्या कागदावर लिहून लावले. पोलीस पाटील बोलले. आम्ही जाणीवपूर्वक भीतीची चेष्टा केली नाही. मुलं खरोखर हरवतात आणि आईबापांची भीती खोटी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण समजूनच तपास सुरू करायचा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ११२ वर पोलीस मिळतात. मूल दिसेनासं झालं तर पहिल्या तासात काय करायचं, याचा कागद घरोघर दिला. ‘घाबरू नका’ या सल्ल्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडला, कारण घाबरलेल्या माणसाला हाताला काम लागतं. क्लिप पुढे पाठवणं हेही त्याला कामच वाटत असतं.

फोटो टाकणारा मुलगा

त्याला शिक्षा झाली नाही. त्याचे वडील मात्र खूप घाबरले होते, कारण फोटोतल्या माणसांना कुठे काही झालं असतं तर मेसेजचा माग याच घरात येऊन थांबला असता. मी त्याच्याशी एकट्याने बोलले. त्याला वाटलं होतं, मी कायद्याचं सांगेन. मी विचारलं, फोटो आत्ता कुठे-कुठे आहे?

त्याने यादी केली. ‘सर्वांसाठी हटवा’ची मुदत त्या ऑगस्टमध्येच वाढून सुमारे अडीच दिवसांची झाली होती, त्यामुळे ग्रुपवरून फोटो काढता आला. पण पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात, हे त्याला यादी करताना कळलं. त्याने एकेकाला फोन करून फोटो काढायला सांगितला आणि पुढे कुणाला पाठवला ते विचारलं. चौथ्या-पाचव्या हातानंतर नावं अनोळखी होत गेली. मग त्याने पोलीस पाटलांकडून खातरजमा करून एक मेसेज लिहिला: ही माणसं ब्लँकेटं विकणारी आहेत, पोलिसांनी चौकशी केली आहे, आधीचा फोटो मी टाकला होता, तो काढून टाका. शेवटचं वाक्य लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते त्याने स्वतःहून लिहिलं.

तो मेसेज फोटोइतका फिरला नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या साखळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा वेगाने आणि दूरवर जातात, आणि त्या माणसंच पसरवतात, यंत्रं नव्हेत, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या मुलाने तो आपल्या फोनवर अनुभवला. वर्गात त्याने यादी दाखवली तेव्हा मुलांनी एक नियम केला: रात्री आलेलं सकाळी पाठवायचं. अंथरुणात, अर्धवट झोपेत, आईच्या फोनवरून पाठवलेल्या मेसेजांबद्दल प्रत्येकाकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. सोशल मीडियाच्या निरोगी वापराबद्दल मी वेगळा तास घेतला नाही. या एका नियमात झोप, घाई आणि जबाबदारी तिन्ही आल्या, आणि तो मुलांनी केलेला असल्यामुळे काही काळ तरी पाळला गेला.

या कामाकडे कसं पाहावं

एका वर्गातल्या अनुभवावरून मोठा दावा करता येत नाही. पण बिहारमधल्या दोन अभ्यासांशी तो जुळतो. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात तिथल्या १,२२४ प्रौढांबरोबर प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर खोट्या बातम्या ओळखायचं प्रशिक्षण दिलं. एकूण पाहता लोकांची खोटं ओळखण्याची क्षमता फारशी वाढली नाही. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या ‘जीविका’ या ग्रामीण उपजीविकेचं काम करणाऱ्या संस्थेबरोबर १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी काम केलं. ५८३ गावं, १३,५०० हून अधिक मुलं, काही आठवड्यांच्या अंतराने वर्ग, भर आरोग्याविषयीच्या चुकीच्या माहितीवर. या मुलांची समज वाढली, चार महिन्यांनंतरही टिकली, राजकीय अफवांपर्यंत पोचली, आणि मुलांच्या पालकांनाही खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं.

मोठ्यांना दिलेल्या एका तासाने जे साधलं नाही ते मुलांच्या सलग वर्गांनी साधलं, आणि ते मुलांबरोबर घरात गेलं. शाळेने या कामाला वार्षिक व्याख्यान न मानता वेळापत्रकात जागा द्यावी, यासाठी माझ्याकडे यापेक्षा चांगलं कारण नाही. ‘असर’ २०२४ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. मुलं जिथे जास्त वेळ असतात तिथलं शिक्षण शाळेने सोडून चालणार नाही.

एक धोका आम्हाला लवकर दिसला. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलं प्रत्येक मेसेजला ‘फेक’ म्हणू लागली. त्यात उजनी धरणातून भीमेत विसर्ग वाढवल्याचा, नदीकाठच्या लोकांनी पाण्याच्या मोटारी काढून घ्याव्यात असा प्रशासनाचा खरा मेसेजही होता. नदीकाठच्या मुलाने तो फेक समजून घरी सांगितला नसता तर मोटार वाहून गेली असती. म्हणून त्यानंतर दर वेळी खोट्याबरोबर एक खरा मेसेजही द्यायचा आणि खरा का खरा ते सिद्ध करायला लावायचं, असं ठरवलं. विसर्गाच्या मेसेजमध्ये तारीख होती, वेळ होती, किती क्युसेक ते होतं, खातं होतं, आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाला फोन लावला तर तोही तेच सांगत होता. क्लिपमधले तिन्ही रिकामे रकाने इथे भरलेले होते.

दुसरी मर्यादा पुढच्या वर्षी समोर आली. विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याच्या नावाखाली एक लिंक ग्रुपवर आली. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक भरा आणि ही लिंक दहा जणांना पाठवा. टोळीच्या क्लिपची चिरफाड करणाऱ्यांतल्या काही हुशार मुलांनीही फॉर्म भरला होता. विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, त्यात कुणाचं वाईट नव्हतं ना.’ भीतीच्या मेसेजसाठी शिकवलेले प्रश्न आशेच्या मेसेजवर आपोआप लागू होत नाहीत. लॅपटॉप खरोखर हवा असतो तेव्हा ‘कुणी पाहिलं’ हा प्रश्न सुचत नाही. त्यासाठी वेगळा पाठ लागेल, वेगळी तालीम लागेल, आणि घरी सांगायचं वाक्यही वेगळं असेल. तेव्हा ‘खोटं आहे’ असं वडिलांना सांगणं म्हणजे त्यांनी पोरीसाठी धरलेली आशा मोडणं असतं. नववीच्या नव्या वर्गाबरोबर आता याच लिंकवर काम चालू आहे. पहिल्या तासाला ती लिंक शब्दन् शब्द फळ्यावर उतरवून झाली आहे.